प्रभुभोजनाचं पीठ

१

महिन्याच्या पहिल्या रविवारी ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनाघरात प्रभुभोजन असायचं आणि आदल्या दिवशी त्याचे गहू गिरणीतून दळून आणायचं काम सुदर्शनकडे असायचं. ते त्याच्याकडे कसं आलं, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. शांतवन पाळक सत्तरीच्या पुढचे, गुडघ्यांनी पार अधू झालेले. गिरणी जुन्नरच्या बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला. सुदर्शन त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा, कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि त्याच्याकडे लुना होती. कधीतरी एकदा त्याने पिशवी हँडलला अडकवली आणि मग ती दर महिन्याला त्याच्याच हँडलला अडकत गेली.

गहू गोजरबाई निवडायची. पाळकांची बायको गेल्यापासून त्यांचं घर आणि प्रार्थनाघर दोन्ही तीच सांभाळत होती. "बाजरीवर दळू देऊ नका बरं का, भाऊ," एवढं ती प्रत्येक वेळी बजावायची. रविवारी सकाळी त्या पिठाच्या दोन जाड पोळ्या ती भाजायची आणि ताटात झाकून टेबलावर ठेवायची. प्रार्थनेच्या शेवटी त्यांचाच एकेक तुकडा सगळ्यांना मिळायचा.

सगळे म्हणजे तरी किती? आठ-दहा म्हातारी माणसं. त्यांची मुलं चिंचवड-भोसरीच्या कंपन्यांत होती आणि नाताळला तेवढी यायची. प्रार्थनाघर म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली. तिची एक भिंत सुदर्शनच्या खोलीची भिंत होती. रविवारी तो दाढी करत असला की पलीकडून त्यांची गाणी ऐकू यायची. तो डिंगोऱ्याच्या शेतकरी घरातला, आणि देवाधर्माचं त्याला फारसं नव्हतं. तरी ती गाणी सुरू झाली की त्याचा वस्तरा जरा सावकाश चालायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

२

त्या वर्षी जूनमध्ये एका स्थानिक साप्ताहिकात सुदर्शनचा लेख छापून आला. पुण्याच्या एका ग्रंथालयात त्याने एक परदेशी तर्क वाचला होता. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या पवित्र जेवणात म्हणे एक अळंबी असायची, ती खाऊन त्यांना देव दिसायचा. पुढे अळंबी विसरली गेली आणि नुसती भाकर उरली. जाणकार हा तर्क मानत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. लेखात ते त्याने एका ओळीत उरकलं होतं.

अंक त्याने स्वतःच पाळकांना नेऊन दिला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि एका संध्याकाळी ओट्यावर त्याला बोलावून घेतलं. गोजरबाई आणि भागू तिथेच बसले होते. भागू त्यांच्याच मंडळीतला, एसटी स्टँडवर फळं विकणारा म्हातारा.

"लेख चांगला जमलाय," पाळक म्हणाले. "एक विचारू का, भाऊ? रागवू नका. तुम्ही कधी कुणाबरोबर जेवलायत का?"

"म्हणजे?"

"नुसतं जेवण नाही म्हणत मी. कुणाबरोबर."

भागू हसला. गोजरबाईही पदर तोंडाला लावून हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण सुदर्शन वर्षानुवर्षं खाणावळीत भिंतीकडे तोंड करून जेवत होता, आणि ते हसू त्याच्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं.

श्रावणात तो एका विद्यार्थ्याच्या घरी मढला गेला होता. गायरानात जुन्या शेणावर बारीक देठाच्या अळंबीच्या छत्र्या उगवल्या होत्या. त्या खाल्ल्या की माणसाला दिवसभर भलतंच दिसतं, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्याने त्या रुमालात बांधून आणल्या, खिडकीत वाळवल्या आणि त्यांची पूड केली. हा प्रयोग आहे, असं तो मनाशी म्हणत राहिला. पण स्वतः चिमूटभर खाऊन बघायची त्याची छाती झाली नाही.

शनिवारी गिरणीतून येताना त्याने शिवनेरीच्या रस्त्याला एका मोरीपाशी लुना थांबवली, पिशवीचं तोंड सोडलं आणि मनगटापर्यंत हात घालून ती पूड पिठात कालवली. रस्त्याने एक बैलगाडी गेली. गाडीवानाने ओळखीचा रामराम केला. सुदर्शनने पिठाचा हात पाठीमागे घेतला आणि दुसऱ्या हाताने रामराम घातला.

३

रविवारी प्रार्थनाघराच्या खिडकीशी उभं राहून सगळं बघायचं असं त्याने ठरवलं होतं. पण ऐन वेळी त्याने दाराला आतून कडी लावली आणि भिंतीला लागून असलेल्या कॉटवर बसून राहिला.

पलीकडे गाणं झालं. पाळकांनी शास्त्रातलं वाचलं. आता ताटावरचं झाकण काढल्याचा आवाज यायला हवा होता. दर महिन्याला यायचा, स्टीलवर स्टील घासल्याचा. तो आला नाही. त्याऐवजी प्रार्थनाघराचं दार करकरलं, जसं कुणी उशिरा आत यावं तसं. चटईवर पावलं वाजली. मग कुणीतरी हलक्या आवाजात काहीतरी बोललं, शब्द कळले नाहीत.

मग एक पुरुष रडायला लागला.

मोठ्याने नव्हे. तोंडात कपडा कोंबून रडावं तसं, दाबून, पण आवरता न येणारं. सुदर्शनला आधी वाटलं, लागू झालं. मग त्याच्या शिकलेल्या डोक्याने हिशेब मांडला. पोळीला अजून कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता. ताट उघडलंच नव्हतं. मग लागू काय झालं?

झाकणाचा आवाज आपल्या कानातून सुटला असेल, असं त्याने ठरवलं, आणि ते तसंच बाजूला ठेवून दिलं.

पलीकडे कुजबुज झाली, बाहेर कुठेतरी खणल्यासारखा धपधप आवाज झाला, मग पुन्हा गाणं. शेवटी माणसं बाहेर पडली. दाराच्या फटीतून तो बघत होता. कुणी झोकांड्या खात नव्हतं, कुणाची नजर फिरलेली नव्हती. पण त्याच्या दारावरून जाताना प्रत्येक जण जरासा थांबला. लंकाबाई नावाची म्हातारी तर जवळ आली आणि तिने बंद दारावर तळहात टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. आत, त्याच फळीमागे, सुदर्शन श्वास रोखून उभा होता.

४

संध्याकाळी गोजरबाई वाटीतून शेवयांची खीर घेऊन आली.

"आता हलकं वाटतंय ना, भाऊ?" तिने विचारलं. "लई रडलात तुमी."

"मी?"

"आसूं द्या. रडावं मान्सानं. त्यात काय लाज?"

ती गेल्यावर त्याने दार लावलं आणि खोलीत येरझाऱ्या घातल्या. म्हणजे त्यांना भास झाला होता, आणि भासात त्यांना तो दिसला होता! एकीला दिसला असेल, तिने सांगितलं असेल, बाकीच्यांनी मान डोलवली असेल. असंच तर सुरू झालं असणार सगळं, त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या वेळीसुद्धा. त्याला इतका आनंद झाला की पुढच्या लेखाचं पहिलं वाक्य मनात तयार झालं. मग त्याची नजर खिरीच्या वाटीवर गेली. आनंद तिथल्या तिथे विरला. ती खीर त्याच्याने खाववेना. त्याने ती मोरीत ओतली, वाटी घासली आणि "छान झाली होती" म्हणून परत नेऊन दिली.

पुढच्या महिन्यात त्याने पीठ जसंच्या तसं आणून दिलं. त्या रविवारी तो घोडेगावला होता, एका परीक्षेच्या केंद्रावर. संध्याकाळी एसटीने परत आला. स्टँडवर भागू पेरू मांडून बसला होता. त्याने हाक मारून दोन पेरू त्याच्या हातात कोंबले.

"आज तुमी प्रार्थना केली, ती लई भावली बघा."

"भागूबाबा, मी आज घोडेगावला होतो. आत्ताच उतरलो गाडीतून."

भागूने त्याच्याकडे पाहिलं. पोरगं उगाच खोटं बोलतंय हे कळूनही बापाने काही बोलू नये, तसं पाहिलं. "बरं," तो म्हणाला आणि पेरू पुसायला लागला.

सुदर्शनला खिशातलं तिकीट काढून दाखवावंसं वाटलं. त्याने खिशात हात घातलाही. पण इतकी वर्षं तो जे जे खरं म्हणून बोलला होता, त्यातलं काहीच या म्हाताऱ्याच्या त्या एका "बरं"पुढे टिकणार नाही असं त्याला वाटलं, आणि तो पेरू घेऊन खालमानेने घरी आला.

त्या भासाचा अंमल महिनाभर टिकतो का, हे त्याने पुस्तकांत शोधलं. टिकत असावा, असं एका ठिकाणी मोघम लिहिलेलं सापडलं. त्याला तेवढं पुरलं.

५

ऑक्टोबरात तो खोलीतच थांबला. अंगात बनियन, खाली लेंगा, आणि कान भिंतीला.

पाळकांची प्रार्थना संपली. सगळे "आमेन" म्हणाले. त्या म्हाताऱ्या, चिरक्या, दमलेल्या आवाजांची लाट येऊन ओसरली. आणि त्यानंतर, एकटंच, उशिराने, आणखी एक "आमेन" आलं. भिंतीच्या अगदी पलीकडून, नेमकं त्याच्या कानाच्या उंचीवरून.

तो आवाज त्याने टेपवर ऐकला होता. कॉलेजात त्याचं व्याख्यान कुणीतरी ध्वनिमुद्रित केलं होतं तेव्हा. तो त्याचाच होता.

आपणच पुटपुटलो असू, असं त्याला वाटलं. त्याने तळहात तोंडावर गच्च दाबून धरला. दुसरी प्रार्थना झाली. लाट आली, ओसरली. आणि उशिराचं ते "आमेन" पुन्हा आलं. त्याच्या तळहाताखाली ओठ हलले नव्हते.

तो तसाच बनियनवर बाहेर पडला आणि घराला वळसा घालून प्रार्थनाघराच्या मागच्या खिडकीशी गेला. गज गंजलेले होते, आत अंधुक होतं. चटईवर सगळ्या पाठी ओळखीच्या होत्या. लुगडी, टोप्या, भागूचं मळकं जाकीट. आणि त्यांच्यात, भिंतीला खेटून, एक निळ्या चौकड्यांचा शर्ट. तो शर्ट सुदर्शनने आत्ता बाहेर पडताना खोलीतल्या खिळ्यावर पाहिला होता.

माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. तरी ती त्याला ओळखू आली. मान किंचित डावीकडे कललेली, कानामागे कापायचे राहून गेलेले केस. ताट फिरत आलं. त्या माणसाने पोळीचा तुकडा मोडला, अर्धा शेजारच्या गोजरबाईला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. गोजरबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताच्या भाराने खांदा जरासा खचला. शर्टाला चुणी पडली. भासाला चुणी पडत नाही.

मग ती मान खिडकीकडे वळू लागली.

सुदर्शन झटकन खाली बसला. खिडकीखाली चिखल होता, गोजरबाईच्या कोंबड्या उकरत होत्या. त्या चिखलात, बनियन आणि लेंग्यावर, गुडघे छातीशी धरून तो गाणं संपेपर्यंत बसून राहिला. वर बघायचा धीर त्याला झाला नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाळकांकडे गेला. ते ओट्यावर घेवडा निवडत बसले होते. त्याने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. श्रावणातल्या त्या पिठात आपण काय मिसळलं, का मिसळलं, स्वतः चव घ्यायलाही कसे घाबरलो, सगळं सांगितलं. पाळकांचे हात थांबले नाहीत. ऐकलेलीच गोष्ट पुन्हा ऐकावी तसे ते ऐकत होते.

"भाऊ," ते शेवटी म्हणाले, "हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलंत की."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मी ताट उघडणार तेवढ्यात आत आलात आणि ताटावर हात ठेवलात. खाऊ नका म्हणालात. मग रडलात. आम्ही त्या दिवशी बिस्किटं मोडून खाल्ली."

"आणि पोळ्या?"

"तुम्हीच पुरल्यात की. मागे, शेवग्याखाली."

सुदर्शन खुरपं घेऊन शेवग्याखाली गेला. फार खणावं लागलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत दोन जाड पोळ्या होत्या, काळ्या पडलेल्या, पण अख्ख्या. एकीचाही कोपरा मोडलेला नव्हता. म्हणजे कुणी काही खाल्लंच नव्हतं. दोन महिने ज्या एका गोष्टीच्या आधारावर तो उभा होता, ती त्याच्या हातात होती आणि तिला कुबट वास येत होता.

हात न धुताच तो ओट्यावर परत आला.

"आणखी काय काय सांगितलं मी?"

पाळकांनी घेवड्याची एक शेंग हातात धरली आणि तिच्याकडे बघत राहिले. "सगळं," ते म्हणाले. "तुमच्या आईंचंही."

सुदर्शनचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून त्याची आई, प्रयागबाई, डिंगोऱ्याला एकटी होती. मला जुन्नरला तुझ्याजवळ ने, असं ती म्हणाली होती. त्याने तिला सांगितलं होतं की घरमालक ख्रिस्ती आहेत, म्हातारे आणि कडक आहेत, खोलीत दुसऱ्या माणसाला राहू देत नाहीत. हे त्याने तिच्याशिवाय कुणाजवळ उच्चारलं नव्हतं. आणि आता तो कडक घरमालक त्याच्यासमोर घेवडा निवडत बसला होता.

"माझं नाव पुढं केलंत, त्याचं मला काही नाही," पाळक म्हणाले. "आणा त्यांना. माडीवरची खोली झाडून ठेवलीय."

"कुणी झाडली?"

पाळकांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत आता पहिल्यांदाच थोडा गोंधळ दिसला. "तुम्हीच," ते म्हणाले. "परवा."

७

सकाळ होताच त्याने लुना काढली आणि ओतूरवरून डिंगोऱ्याला गेला. तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असं त्याने वाटेत पक्कं केलं होतं. शब्दही जुळवले होते. निदान ही एक गोष्ट तरी आपण आधी सांगू, असं त्याला वाटत होतं.

प्रयागबाई पडवीच्या पायरीवर बसली होती. धुतलेलं लुगडं नेसलेली, डोक्याला तेल लावलेली, शेजारी बोचकं बांधून तयार. दाराला कुलूप होतं. त्याला बघून ती हसली. दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर असं हसू त्याने पाहिलं नव्हतं.

"सकाळच्याला येतो म्हनलास, तर खरंच आलास," ती म्हणाली.

"कधी म्हणालो?"

"आरं, काल सांजच्याला न्हाई का. पाया पडलास, मांडीवर डोकं ठेवून रडलास. मी म्हनलं, एवढं काय त्यात, आईशी कोन खोटं बोलत न्हाई?"

काल सांजेला तो जुन्नरला आपल्या खोलीत अंधारात बसून होता. वाटेत जुळवलेले शब्द आता बाजूला राहिले होते. तो मी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचं ते हसू समोर होतं, आणि ते दुसऱ्या कुणामुळे आलं असलं तरी आत्ता ते त्याच्याकडे बघत होतं.

"हो," सुदर्शन म्हणाला. "मीच आलो होतो."

बोचकं उचलायला तो खाली वाकला. तिने त्याचा हात हातात घेतला, दोन्ही तळव्यांत धरला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. मग हळूच सोडला. तिने आपला हात पदराला पुसला.

"काल तुजा हात कसा ऊन व्हता," ती म्हणाली.

तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. त्याने डोळे खाली वळवले. तिचं हसू सावकाश मावळलं. राग नव्हता, भीतीही नव्हती. अनोळखी माणसाने नाव विचारलं तर बायका जशा जपून होतात, तशी ती जपून झाली. तिने त्याच्या हातातलं बोचकं ओढून घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे रस्त्याकडे पाहू लागली.

"तुमी व्हा म्होरं, पावणं," ती म्हणाली. "मी थांबते जरा. माजा ल्योक येतोय न्यायला."